छिद्रकारी विषांवर प्रबंध : जिवाणू घ्यावेत की बुरशी?

छिद्रकारी विषे म्हणजे दुसऱ्या पेशीच्या पटलाला भोके पाडणारी प्रथिने. त्यांच्यावर काम करताना जिवाणू निवडावेत की बुरशी, हा प्रश्न घेऊन वडोदऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रबंध करू पाहणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात. मी दोन्हींवर काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर पूर्णपणे तटस्थ नाही.

विषाचा जिवाणूला नेमका उपयोग काय, हे लिस्टेरिया या जिवाणूत फार स्पष्ट दिसते. त्याचे लिस्टेरिओलायसिन हे विष काढून टाकले की तो बहुतेक भक्षकपेशींच्या पुटिकेतच (गिळलेले जंतू कोंडणाऱ्या पिशवीतच) अडकून पडतो. हे विष पुटिकेतल्या आम्लात जोमाने छिद्रे पाडते आणि पेशीद्रवात आल्यावर मंदावते, म्हणून ज्या पेशीत जिवाणूला वाढायचे आहे ती शाबूत राहते.

माझा कल जिवाणूंकडून बुरशीकडे फिरला तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूपाशी. अल्फा-हिमोलायसिनखेरीज तो दोन घटकांची अनेक ल्युकोसिडिने (पांढऱ्या रक्तपेशी मारणारी विषे) बनवतो, त्यामुळे एक जनुक काढले तरी उरलेली विषे ती उणीव झाकू शकतात. त्यातच पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन माणसाच्या आणि सशाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना मारते, उंदराच्या पेशींवर मात्र जवळजवळ निष्प्रभ ठरते. म्हणजे माणसाचेच रक्त घ्यायचे तर नीतिसमितीची परवानगी मिळवायची, रक्तदाता शोधायचा, सकाळी पेशी वेगळ्या करायच्या, आणि दुपार कलेपर्यंत विष न घातलेल्या नळीतल्या पेशीही मरू लागलेल्या पाहायच्या. त्यांतल्या किती विषाने मेल्या आणि किती आपोआप, हे मला कधीच खात्रीने सांगता आले नाही. इतरांचा अनुभव कदाचित बरा असेल. मला मात्र या एका गोष्टीने थकवले.

आता बुरशीकडे वळू. धिंगरी अळिंबी गव्हाच्या काडावर वाढते. तिचे ऑस्ट्रिओलायसिन हे प्रथिन पेशीपटलाला चिकटते आणि मग प्ल्युरोटोलायसिन बी हे दुसरे प्रथिन तेथे छिद्र पाडते. कीटकांच्या पटलात आढळणाऱ्या सेरामाइड फॉस्फोइथॅनॉलअमाइन या मेदाशी ऑस्ट्रिओलायसिन घट्ट जुळते आणि ही जोडी कोलोरॅडो बटाटा भुंगेऱ्याच्या अळ्यांना मारते, म्हणून तिचे काम कीटकांपासून संरक्षणाचे असावे असे वाटते. पण फळ धरण्याच्या सुमारास ऑस्ट्रिओलायसिन वाढते, त्यावरून अळिंबीच्या स्वतःच्या वाढीतही त्याचा हात असू शकतो. हा निवाडा अजून व्हायचा आहे, आणि कृत्रिम मेदपुटिकांवर (प्रयोगशाळेत बनवलेल्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवर) काम सुरू करता येते, तेथे कोणाचे रक्त लागत नाही.

ज्यांना वैद्यकाकडेच वळायचे आहे त्यांनाही बुरशी सोडावी लागत नाही. माणसाला संसर्ग करणाऱ्या कँडिडा अल्बिकन्स या बुरशीचे 31 अमिनो आम्लांचे कँडिडालायसिन हे विष 2016 मध्ये प्रकाशात आले. ते नसले तरी बुरशीचे तंतू श्लेष्मल पेशींत शिरतात, पण त्यांना इजा करू शकत नाहीत. दोन वर्षांत हमखास निष्कर्ष हवा असेल तर लिस्टेरिया घ्यावा. थोडा धीर असेल तर धिंगरीच्या जोडीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.