निळ्या बेगोनियाच्या नावाखाली माझे ८,०३६ रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

दीड महिना झाला, अजून कुणाला धड सांगितलेलं नाही, घरी फक्त नवऱ्याला माहीत आहे. पण ज्या निळ्या बेगोनियाच्या फोटोमुळे हे सगळं झालं तोच फोटो काल परत दिसला म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते, मी काही कालपरवा झाडं लावायला लागलेली नाही. पुण्यात आमच्या गच्चीत बारा-तेरा वर्षं बेगोनिया आहे, साधा मेणचट पानांचा, उंच दांड्यांचा ठिपकेवाला, आणि रेक्स, म्हणजे रंगीत पानांचा बेगोनिया, तो तर मी एका पानाच्या शिरा कापून कोकोपीटवर ठेवून वाढवलाय, एकाची अकरा रोपं केलीत. सोसायटीतल्या बायका माझ्याकडून पानं नेतात. म्हणून लाज जास्त वाटते.

फक्त कंदाचा बेगोनिया माझ्याकडे नव्हता. उटीला पाहिला होता, गुलाबाएवढी मोठी फुलं, तेव्हापासून मनात होता. जानेवारीत एका पेजवर दिसला, लाल, पिवळा, पांढरा आणि निळा. मला माहीत होतं, बेगोनियाला निळं फूल येत नाही. मलेशियातल्या एका जातीची पानं सावलीत निळी चमकतात, ती पानं, फूल नाही. तरी मी म्हटलं निळा राहू दे, बाकीचे तर खरे असतील. पहिली चूक इथेच झाली. जो एक फोटो खोटा टाकतो त्याचे बाकीचे खरे कशाला असतील?

१२ कंद, १९९ ला एक, म्हणजे २,३८८ आणि कुरियरचे १८०, एकूण २,५६८ यूपीआयने दिले. पाच दिवसांनी फोन आला, मराठीत, अगदी गोड बोलणं, "ताई, माल बाहेरच्या देशातून येतो ना, तपासणीत अडकलाय, १,४५० भरा, पार्सल मिळालं की परत देतो." बाहेरून झाडं आणायला परवाना आणि तपासणी लागते हे मी वाचलेलं होतं, म्हणूनच खरं वाटलं. पण ती आयात करणाऱ्याची जबाबदारी असते, गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कोण घेतं ते पैसे? हे आता सुचतंय. झाले ४,०१८.

आणि मग पार्सल आलं. हा क्षण मला रोज आठवतो, खरंच रोज. खोका उघडला, कंद हातात घेतले, लांबट, केसाळ, त्यावर गोल गोल वळ्या. बेगोनियाचा कंद चपटा असतो हो, पेढ्यासारखा, वरच्या बाजूला खोलगट, त्या खळग्यातूनच कोंब येतो, म्हणून खळगा वर ठेवून लावायचा, हे मी दुसऱ्यांना सांगते! आणि माझ्या हातात एकाही कंदाला खळगा नव्हता. मी दोन मिनिटं नुसती बघत उभी होते, मनात आलंच होतं की हे काहीतरी वेगळं आहे, आणि त्याच मनाला मी समजावलं की हायब्रिड असेल, आपण तरी कंद कुठे हाताळलेत. तेव्हाच फोटो काढून ठेवले असते तर पुढे उपयोग झाला असता. बाराही कुंड्या भरल्या, शेणखत, वाळू, पालापाचोळा, सगळं मापात.

तीन आठवड्यांनी पानं आली, गुंडाळीतून सरळ भाल्यासारखी उलगडली. बेगोनियाचं पान अगदी लहान असल्यापासून एका बाजूला झुकतं असतं, दोन्ही अर्धुकं सहसा सारखी नसतात. ही सारखी. वर पाणी शिंपडलं तर मोत्यासारखं घरंगळून गेलं. अळू! भाजीवाल्याकडच्या अळकुड्या मला १९९ ला एक अशा विकल्या होत्या.

मी संतापून मेसेज केला तर लगेच उत्तर, "सॉरी ताई, पॅकिंगवाल्याची चूक, पूर्ण रिफंड देतो, कोड स्कॅन करा." स्क्रीनवर बरोबर ४,०१८ आकडा. आपलाच आकडा दिसला की माणूस विश्वास ठेवतो, मी ठेवला, पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. आणखी ४,०१८ गेले. रात्रीचे पावणेदहा वाजले होते आणि मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, तुम्ही तसं करू नका, त्याच मिनिटाला करा, तोवर पैसे पुढच्या खात्यातून निघून जातात.

आता बाकीच्यांचं ऐका. बँकेत म्हणाले, मॅडम पिन तुम्हीच टाकलात. मान्य आहे, पण ज्या खात्यात गेले ते खातं कुणाच्या तरी कागदपत्रांवरच उघडलं असेल ना, ते बघायचं कुणी? कुरियरवाले पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायला तयार नाहीत, पोलिसांचं पत्र आणा म्हणे. पोलीस स्टेशनला गेले तर अडीच तास बाकावर. मग "काकू, इथे लोकांचे पन्नास-पन्नास लाख जातायत." म्हणजे आठ हजार गेलेल्या माणसाने घरी बसायचं? बेगोनिया काय ते तिघांना समजावलं, शेवटी त्यांनी लिहिलं "शोभेची झाडे". स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, दोन प्रती. आणल्या. साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी गेले तर ज्यांनी लिहून घेतलं त्यांची ड्युटी बदललेली, परत पहिल्यापासून सांगा. चार फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी एकाने विचारलं, तुम्हाला इतकी हौस कशाला? मी माझ्या पेन्शनचे पैसे खर्च केले होते, कुणाकडे मागितले नव्हते.

कंद घ्यायचेच असतील तर खळगा दिसेल असा, आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवलेला व्हिडिओ मागा. बेगोनियाचं बी म्हणून मोहरीएवढे दाणे आले तर ते बेगोनियाचं नाही, खरं बी धुळीसारखं बारीक असतं. कमेंट बंद असलेल्या पेजवरून काही घेऊ नका, फॉलोअर हजारो असले तरी. आणि खरं सांगायचं तर कंदाचा बेगोनिया मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरातल्या थंड हवेचा, पुण्याच्या एप्रिलमध्ये तो टिकवणं अवघड, नर्सरीत जाऊन डोळ्यांनी बघून मेणचट पानांचा घ्या, तो फुलतो.

पेजचं नाव आता बदललंय, फोटो तोच आहे. काळी कुंडी, डाव्या काठाचा टवका उडालेला, मागे लाकडी फळी, आणि सात निळी फुलं. दिसला तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.