अमेरिकेत राहून भारतातलं मूल दत्तक घ्यायचंय: नागरिकत्वाची वाट पाहायची की दोन वर्षं पुण्यात काढायची?

कागदपत्रांची फाइल उघडण्याआधी एक गोष्ट तपासा: नवरा-बायकोपैकी कुणी अमेरिकन नागरिक आहे का? भारत आणि अमेरिका दोघांनीही हेग दत्तक करार (एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) स्वीकारलेला आहे आणि त्याखालचा आय-८००ए अर्ज, म्हणजे दत्तक पालक म्हणून पात्र ठरण्याचा अर्ज, फक्त नागरिकालाच करता येतो. दोघांपैकी एक नागरिक असला तरी चालतं. दोघंही ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर हा रस्ता बंद. मग उरतो दोन वर्षांचा नियम: मूल १६ वर्षांचं होण्याआधी दत्तक झालेलं हवं, शिवाय दोन वर्षं तुमच्या कायदेशीर ताब्यात आणि तुमच्यासोबत राहिलेलं हवं. तोवर अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा त्याला तुमचं मूल मानत नाही, एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४ व्हिसासाठीसुद्धा नाही. म्हणजे व्यवहारात ही दोन वर्षं भारतातच काढावी लागतात.

पार्श्वभूमीची तपासणी

नागरिकाच्या मार्गात सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात. वयाच्या १८ वर्षांनंतर ज्या ज्या राज्यात राहिलात, तिथल्या बाल-अत्याचार नोंदवहीची तपासणी होते. टेक्सासात एमएस, न्यू जर्सीत पहिली नोकरी, आता कॅलिफोर्निया, म्हणजे तीन राज्यं आणि प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. घरात कायम राहणारा प्रत्येक सज्ञान माणूसही या तपासणीत येतो. ग्रीन कार्ड घेऊन तुमच्याकडेच राहायला आलेले आई-बाबा त्यात धरले जातात. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या सासू-सासऱ्यांचं घर भारतात असल्याने ते सहसा धरले जात नाहीत, तरी होम स्टडी (तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी करून दिलेला अहवाल) करणाऱ्या सोशल वर्करला त्यांच्याबद्दल सांगून ठेवा. आणि कधी अटक झाली असेल, अगदी कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी चालवल्याची, केस रद्द झालेली, रेकॉर्ड पुसलेलं, तरी ती स्वतःहून सांगा. जुन्या चुकीचा खुलासा करता येतो. लपवल्याचं उघड झालं तर त्याच कारणावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

पुण्यात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी सुरुवात बरीच सोपी आहे. कारा या भारत सरकारच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी, पॅन, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, उत्पन्न, रहिवास, वैद्यकीय प्रमाणपत्र. मग दत्तक संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कार्यकर्त्या घरी येऊन अहवाल करतात. २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. खरा कागदोपत्री भार पुढे येतो, कारण दोन वर्षं एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. भाडेकरार, बालवाडीची पावती, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून जपा.

नावांचा घोळ दोन्हीकडे आहे आणि आपल्या लोकांना तो फार छळतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, काही जणींचं लग्नात पहिलं नावही बदललेलं, जन्मदाखल्यावर तर नावच नाही. राजपत्र, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र हे आत्ताच गोळा करायला घ्या. कुठलाही मार्ग निवडलात तरी ते वाया जाणार नाही.

मुदती

अमेरिकेतून पाठवायच्या कागदांना नोटरी आणि ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणपत्र) लागतं: राज्याच्या दाखल्यांना त्या राज्याचं, एफबीआयच्या अहवालाला वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारचं. होम स्टडी सहा महिन्यांच्या आत दाखल करावी लागते आणि आय-८००एची मंजुरी १५ महिने टिकते. पुढे मुदतवाढ मिळते, पण मधेच घर बदललं, घरात नवा सज्ञान माणूस आला, तर होम स्टडी सुधारून द्यावी लागते. म्हणून या काळात दुसऱ्या राज्यातली नोकरी शक्यतो टाळा.

दुसऱ्या मार्गाची किंमत वेगळी आहे. ग्रीन कार्डवाल्यांना निघण्याआधी री-एंट्री परमिट (दीर्घकाळ बाहेर राहून परत येण्याचा परवाना) काढावं लागतं, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांचं. सलग वर्षभर बाहेर राहिलात की नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटतं. एच-१बीचं बरं असतं. भारतातले दिवस सहा वर्षांच्या मर्यादेत मोजले जात नाहीत. मात्र दोन वर्षं आदेशानंतर धरायची. काराच्या यादीतली प्रतीक्षा वेगळी, आणि तीच काही वर्षांची असू शकते.

माझं स्पष्ट मत: ग्रीन कार्डाला तीन-चार वर्षं झाली असतील तर थांबा. नागरिक व्हा, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढा (दोन देशांमधल्या दत्तकात ओसीआयधारकांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीचं स्थान आहे), मग मान्यताप्राप्त एजन्सीकडे जा. दत्तकाचा आदेश भारतात होऊन मूल आयएच-३ या दत्तक मुलांच्या व्हिसावर आलं, की अमेरिकेत पाय ठेवताच ते नागरिक होतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून अनेक वर्षं जाणार असतील आणि कंपनी पुण्याच्या ऑफिसात बदली देत असेल, तर भारतात परतण्याचा विचार मनापासून करा.

बहिणीचं किंवा दिराचं मूल घेणार असाल तर घाईने दत्तकपत्र करू नका. नागरिकांसाठी क्रम ठरलेला आहे: आधी आय-८००ए, मग आय-८००ची, म्हणजे त्या ठरावीक मुलासाठीच्या अर्जाची, तात्पुरती मंजुरी, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्यानंतरच दत्तकाचा आदेश. शिवाय जन्मदाते आई-वडील दोघंही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करू शकत नाहीत हे अमेरिकेला पटवावं लागतं. ते सुस्थितीत असतील तर व्हिसा मिळत नाही, हे घरच्या मोठ्यांना आधीच सांगा.