लातूरमधला अमेरिकी राजकारणाचा रविवारचा कोर्स : लावा बिनधास्त, पण शेवटच्या लेक्चरला प्रश्न तयार ठेवून जा

औसा रोडच्या एका अभ्यासिकेत रविवारी अमेरिकेच्या राजकारणावर लेक्चर सिरीज असते, ती मी पूर्ण केली आणि ग्रुपवर लई जण विचारायलेत कशी आहे म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. फी ८०० रुपये. मेन्ली स्पर्धा परीक्षेला पॉलिटिकल सायन्स हा ऑप्शनल विषय घेतलेल्या पोरांसाठी आहे पण बाहेरचं कोणीही बसू शकतं, आमच्या बॅचला दोन शिक्षक होते, एक आडत दुकानवाले काका पण होते.

आता लातुरात बसून अमेरिकेतला कोणता पक्ष कुठं चाललाय हे शिकून काय करायचं, असं घरी विचारलं. कापूस लावणाऱ्याला विचारा ना. ऑगस्ट २०२५ ला ट्रम्पनी भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ नेलं, त्याच महिन्यात आपल्याकडं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे परभणी-जालन्याकडं वेचणी होऊन माल बाजारात यायच्या तोंडावर बाहेरच्या गाठी बिनशुल्क यायला मोकळ्या. आणि हे टॅरिफ लावणारा पक्ष कोणता तर रिपब्लिकन, म्हणजे १९८० च्या दशकातले राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा, ज्या रेगननी १९८८ ला कॅनडासोबत मुक्त व्यापाराचा करार केला. हे उलटं कसं झालं, हाच या कोर्सचा खरा प्रश्न आहे आणि सरांनी तो पहिल्या दिवसापासून सोडला नाही, म्हणून मला कोर्स आवडला.

सगळ्यात भारी लेक्चर १९६४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीवरचं. सरांनी व्हाइटबोर्डवर अमेरिकेचा नकाशा काढला आणि दक्षिणेतली राज्यं एकेक करून रंगवली. डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जुलै १९६४ ला नागरी हक्क कायद्यावर सही केली, रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्या कायद्याच्या विरोधात मत दिलेलं, आणि नोव्हेंबरला गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले, फक्त ६ राज्यं मिळाली, पण त्यातलं एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर बाकीची पाचही खोल दक्षिणेतली, जिथं पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटच निवडून यायचे. मिसिसिपीत तर ८७ टक्के मतं, आणि तिथं तेव्हा बहुतेक काळ्या लोकांना मतदानच करू देत नव्हते हे सरांनी मुद्दाम थांबून सांगितलं, नाहीतर तो आकडा नुसताच पाठ होतो. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झाले. पण सगळे काही लगेच गेले नाहीत बरं का, अलाबामाचे रिचर्ड शेल्बी गेले थेट १९९४ ला, रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहं जिंकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे मतदार आधी सरकला आणि नेते पुढची तीस वर्षं त्याच्या मागं जात राहिले.

मग निलंग्याच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तिकडं एबी फॉर्म कोण देतं?" म्हणजे पक्षाचं अधिकृत तिकीट. सर म्हणाले, कोणीच देत नाही. सगळा वर्ग एक मिनिट गप्प. तिकडं प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या आधीच्या निवडणुकीत, मतदारच उमेदवार ठरवतात, वरून तिकीट कापता येत नाही आणि देताही येत नाही. या एका उत्तरावर पुढचं सगळं उलगडत गेलं. पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर २००९ ला रिपब्लिकनमधून डेमोक्रॅटमध्ये गेले कारण आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत आपण टिकत नाही हे दिसत होतं, आणि २०१० ला नव्या पक्षाच्या प्रायमरीतही पडले. रिपब्लिकन खासदार लिझ चेनी, बाप उपराष्ट्राध्यक्ष राहिलेला, स्वतः पक्ष सोडला नाही, ट्रम्पच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि २०२२ ला वायोमिंगच्या प्रायमरीत मतदारांनी घरी बसवलं.

पक्षांतरबंदी कायदा तिकडं नाहीच. आपल्याकडं १९८५ ला दहावी अनुसूची आली, २००३ ला एक तृतीयांश आमदार-खासदार एकत्र फुटले तर चालतं ही पळवाट बंद केली आणि तरी २०२२ आणि २०२३ ला महाराष्ट्रात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तिकडं कायदा नसताना टेक्सासचे फिल ग्रॅम १९८३ ला पक्ष बदलताना आधी खासदारकीचा राजीनामा देऊन पोटनिवडणुकीला उभे राहिले, रिपब्लिकन म्हणून परत निवडून आले. मला हे मनापासून पटलं. ज्याला जायचंय त्यानं जावं, पण मत ज्या चिन्हावर घेतलं ते परत करून जावं. आपल्या नांदेडचंच घ्या, अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ ला भाजपात गेले आणि त्याच वर्षी लोकसभेला नांदेडनं काँग्रेसचा खासदार दिला, म्हणजे मतदार काय नेत्याच्या गाडीत बसून जात नाही.

पण सरांचा मेन मुद्दा वेगळाच आहे, आणि तोच मला बाकी कुठं ऐकायला मिळाला नव्हता. पक्ष सोडून गेलेल्यांपेक्षा पक्षात राहून बदललेल्यांकडं बघा. रेगननी १९८६ ला सही केलेल्या कायद्यानं जवळपास २७ लाख विनाकागद स्थलांतरितांना कायदेशीर राहता आलं, आज त्याच पक्षात असं कोणी बोललं तर प्रायमरी हरायची भीती. २०१६ ला ट्रम्पवर उघड टीका करणारे जे. डी. व्हान्स २०२५ ला त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष. २०२० ला रिपब्लिकन पक्षानं नवा जाहीरनामाच काढला नाही, २०१६ चाच पुढं चालवला. आणि ट्रम्प स्वतः २००१ ते २००९ डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते! मुक्त बाजार, कम्युनिस्टविरोध आणि धर्म-कुटुंब या तीन गोष्टींची जी मोट रेगनच्या काळात बांधली होती ती सोव्हिएत संघ गेल्यावर ढिली झाली, आता टॅरिफ आणि सीमा या दोन गोष्टी पुढं आल्यात. हे मांडताना सर कोणाच्याच बाजूनं बोलले नाहीत, कोणी कधी काय मत दिलं एवढंच.

तक्रार एकच पण मोठी आहे. रिपब्लिकन नेते पॅट बुकॅनन यांना सरांनी पाच मिनिटात उरकलं. १९९२ ला स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला प्रायमरीत आव्हान देणारा, १९९६ ला न्यू हॅम्पशायर राज्याची प्रायमरी जिंकणारा, व्यापार करार नको, बाहेरची युद्धं नको, स्थलांतर कमी करा हे सगळं तेव्हाच बोलणारा माणूस, त्याच्याशिवाय आजची दिशा समजणार कशी? त्याच्यावर निदान एक पूर्ण लेक्चर पाहिजेच होतं, आणि शेवटच्या दिवशी सगळं घाईत कोंबलं. नोट्सची झेरॉक्स पण फिकट, नकाशे तर वाचताच येत नाहीत, ८०० रुपये घेता तर पीडीएफ द्या.

प्रिलिम्सपुरतं बघणाऱ्यांनी नका लावू, एवढं खोलात लागत नाही. ऑप्शनलवाले आणि पेपर वाचायची आवड असणारे, नक्की लावा. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही तर जरा लवकर जाऊन जागा धरा, आणि बुकॅननचा प्रश्न विचारा, मी सरांना सांगून ठेवलंय.