फोल्डस्कोप: कपाटात कुलूपबंद न राहणारा सूक्ष्मदर्शक

थोड्या पैशांत मुलांसाठी विज्ञानाचं काय घ्यावं, असं कुणी विचारलं की मी आधी फोल्डस्कोपचं नाव घेते. कागदाच्या घड्या घालून मुलांनी स्वतः जोडायचा सूक्ष्मदर्शक. मेरठमध्ये जन्मलेले, आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तो घडवला. २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं तो वापरून काम करणाऱ्यांना अनुदानंही दिली.

किमतीबद्दल आधीच सांगते. ‘एका डॉलरच्या आत’ हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण तो नुसत्या सुट्या भागांचा खर्च, तोही मोठ्या संख्येनं बनवल्यावरचा. आपल्या हातात पडेपर्यंत आकडा वाढतोच. शाळेनं एकेक घेण्यापेक्षा वर्गासाठीचा मोठा संच मागवावा.

मी कोकणात शिकवते. आमच्याकडे पावसाळ्यात वह्यांची पानंसुद्धा ओली लागतात, त्यामुळे कागदाचं उपकरण म्हटल्यावर पहिली शंका टिकण्याचीच येते. पण हा साधा कागद नाही. पाणी न शोषणारा, सहजी न फाटणारा कृत्रिम कागद आहे. दप्तरात कोंबला तरी चालतो. वजन म्हणाल तर जेमतेम आठ-नऊ ग्रॅम.

छापील तक्त्यातून भाग अलगद सुटे करायचे, रंगांच्या खुणा जुळवत घड्या घालायच्या आणि एक भाग दुसऱ्यात सरकवायचा. खुणा रंगांच्या असल्यामुळे इंग्रजीला बिचकणारी मुलंही अडत नाहीत. भिंग बसवताना मात्र घाई करू देऊ नका. त्यावर बोट टेकलं की तेलकट डाग पडतो आणि मग सगळं धुरकट दिसतं.

माझ्या मते या किटची खरी करामत घड्यांमध्येच आहे. इथे फोकसचा स्क्रू नाही. पट्टी सरकवली की भिंग आणि नमुना यांच्यातलं अंतर किंचित बदलतं, आणि ते कशामुळे बदललं हे मुलाला ठाऊक असतं, कारण ती पट्टी त्यानंच आत सरकवलेली असते. चित्र अस्पष्ट झालं तर ‘बाई, बिघडला’ अशी हाक येत नाही, हात आपोआप पट्टीकडे जातो. प्रयोगशाळेतल्या महागड्या सूक्ष्मदर्शकाला मुलं हात लावायलाच भितात आणि आपणही ‘नीट हं’ म्हणून त्या भीतीत भर घालतो.

दहावीला भिंगांचा धडा शिकवताना तर याच्यासारखं साधन नाही. भिंग म्हणजे सुमारे २.४ मिमी व्यासाचा काचेचा गोळा, त्याचं नाभीय अंतर पावणेदोन मिमीच्या आसपास. सुस्पष्ट दृष्टीचं लघुत्तम अंतर २५ सेमी, म्हणजे २५० मिमी. फळ्यावर भागाकार केला की उत्तर १४० च्या जवळ येतं, आणि फोल्डस्कोपची वर्धनक्षमता १४० पटच आहे. सतराव्या शतकात लेव्हेनहूक या डच संशोधकानं सूक्ष्मजीव पाहिले ते अशाच एका भिंगातून. पुस्तकातलं सूत्र हातातल्या वस्तूला लागू पडतं तेव्हा मागच्या बाकावरचेही पुढे सरकतात.

कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून उत्तम दिसतो, पेशी विटांसारख्या एकीला एक लागून. जास्वंदीचा पराग जरूर दाखवा: गोल, सगळीकडून काटे आलेला. डबक्याच्या पाण्यात पॅरामेशियम हा एकपेशीय जीव सापडला तर वर्गात आरडाओरडा होतो, तो होऊ द्यावा. नेहमीची काचपट्टी आत बसते. ती नसेल तर कागदी पट्टीच्या भोकावर पारदर्शक चिकटपट्टी लावूनही काम भागतं.

मर्यादाही आहेत. गोल भिंगामुळे मधला भाग स्वच्छ आणि कडा पुसट दिसतात. साधारण २ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील सुटा दिसत नाही, म्हणून दह्यातले जिवाणू दाखवण्याचं कबूल करू नका, मुलं हिरमुसतात. डोळा भिंगाला अगदी भिडवावा लागतो आणि एका वेळी एकालाच दिसतं. चुंबकाच्या चकतीनं तो मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसतो, मग चार-पाच जणांना पडद्यावर बघता येतं, फोटोही निघतो. प्रकाशासाठी खिडकीतलं आभाळ पुरतं, पण सूर्याकडे रोखायचा नाही हे पहिल्याच तासाला बजावून ठेवा.

हा घेतला म्हणून प्रयोगशाळेतला संयुक्त सूक्ष्मदर्शक काढून टाकू नये. पेशीच्या आतलं बारीक काम बघायला तोच लागतो. फोल्डस्कोप घ्यायचा तो मुलांना घरी नेऊ देण्यासाठी. निदान दोघांत एक तरी हवा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी वाटावा, कारण तेव्हा शेतात, परड्यात, विहिरीच्या काठावर बघण्यासारखं भरपूर असतं. ‘हरवला तर भरून द्यावा लागेल’ ही अट मात्र घालू नका. ती घातली की आई तो कपाटात ठेवून देते.