एअरगनचा आवाज कमी करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

"एअरगनला आमचा मॉडरेटर लावा, आवाज ऐंशी टक्के कमी. शेजाऱ्याला पत्तासुद्धा लागणार नाही." अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर पैसे पाठवण्याआधी कृपा करून हे वाचा. मॉडरेटर म्हणजे आवाज दाबण्यासाठी बंदुकीच्या तोंडाला लावायची जोडनळी. माझे पैसे गेले ते गेलेच. पण लातूर, नांदेड, परभणीकडची बरीच पोरं हल्ली रायफल शूटिंगकडे वळताहेत. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ऑलिम्पिक कांस्य आणलं, त्यानंतर तर जास्तच. त्यांच्या आईवडिलांना याच सापळ्यात ओढलं जातंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी पुतणी दहा मीटरवरच्या एअर रायफल नेमबाजीचा सराव करते. मॅचची रायफल लाखांच्या घरात जाते, म्हणून सुरुवातीला नळी खाली वाकवून छर्रा भरायची साधी स्प्रिंगची एअरगन घेतली. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये दहा मीटरची जागा केली, टोकाला विटांची भिंत आणि तिच्यापुढे छर्रे अडवायला लोखंडी पेटी. अडचण होती शेजारची. आम्ही लातूरच्या ट्यूशन एरियाला लागून राहतो आणि पलीकडच्या इमारतीत नीटची तयारी करणाऱ्या मुलांचं वसतिगृह आहे. तिथले वॉर्डन भले गृहस्थ. एकदा येऊन म्हणाले, "सर, पोरं दिवसभर पेपर सोडवत बसलेली असत्यात, तुमच्या आवाजानं दचकत्यात. काही तरी करा बगा." त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

मग शोधाशोध सुरू झाली आणि हा विक्रेता सापडला. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत आधी मॉडरेटरशिवाय बार, मग मॉडरेटर लावून बार. दुसरा आवाज अगदी टिचकी मारल्यासारखा. इथे पहिली लबाडी होते. मोबाइलचा माइक असा अचानक मोठा आवाज धरूच शकत नाही, तो वरचा भाग छाटून टाकतो, आणि रेकॉर्डिंगची पातळी फोन स्वतःच खालीवर करतो. फोन दोन पावलं मागे ठेवला तरी तीच बंदूक निम्म्या आवाजाची वाटते. व्हिडिओवरून आवाजाची तुलना होत नाही, मग विकणारा प्रामाणिक असो वा नसो.

"ऐंशी टक्के" हा आकडाही पोकळ आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. कुठून, किती अंतरावरून, कोणत्या यंत्राने मोजलं हे न सांगता टक्के सांगणाऱ्याकडे मोजमाप नसतंच.

त्याच जाहिरातीत हलक्या मिश्रधातूच्या छर्र्यांचा डबा होता, "१२०० फूट प्रति सेकंद, एकदम सायलेंट" असं लिहिलेला. हे वाक्य नीट तपासण्यासारखं आहे. १२०० फूट म्हणजे सेकंदाला सुमारे ३६६ मीटर. हवेत ध्वनीचा वेग २० अंशांना ३४३ मीटर असतो, आणि आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात ३५५ च्या आसपास. छर्रा त्याहून वेगाने गेला तर हवेत स्वतःच फटाक्यासारखा कडाड आवाज काढत जातो. तो आवाज नळीच्या बाहेर, वाटेत होतो. नळीच्या तोंडाला काहीही लावा, तो थांबत नाही. शिवाय परवाना न लागणारी एअरगन म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलच्या आतली. नेहमीचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असतो. २० ज्यूलमध्ये तो जेमतेम २७५ मीटर वेग गाठतो. स्पर्धेतली रायफल तर १७० ते १७५ मीटरवरच चालते. म्हणजे नेहमीच्या छर्र्यासाठी तो १२०० चा दावा एक तर खोटा, नाही तर त्या बंदुकीला परवाना लागतो. आणि हलका छर्रा खरंच तितक्या वेगाने गेला, तर तो सायलेंट नसतो.

पैसे आधी पूर्ण मागितले, तेही यूपीआयवर. पावती मागितली तर "पार्सलमध्ये येईल" म्हणाला. आली नाही. पार्सलवर "मोटारसायकल पार्ट" लिहिलेलं होतं. काळी गुळगुळीत नळी, दिसायला झकास. आमच्या बंदुकीच्या नळीला आटे नव्हतेच, म्हणून त्याने एक कडं दिलं होतं, बाजूने अ‍ॅलन स्क्रूने आवळायचं. लावलं आणि पुतणीने पाच-सहा छर्रे मारले. वसतिगृहाच्या भिंतीजवळ उभा राहून मी ऐकत होतो. फरक शून्य. वर जाऊन कागद पाहिला तर एरवी एका नाण्याखाली झाकले जाणारे छर्रे वीतभर पसरलेले, आणि मॉडरेटरच्या पुढच्या भोकाला एका बाजूने शिशाचा चकचकीत ओरखडा. छर्रा आतून घासून बाहेर पडत होता. असा छर्रा भलतीकडे जातो. पेटीच्या कडेला लागून उलटा आला असता तर काय झालं असतं, या विचाराने माझे हातपाय गार पडले. तो मॉडरेटर तिथेच उतरवला.

एमआयडीसीत ओळखीचे एक लेथवाले आहेत. त्यांनी तो उभा कापला. आत स्पंज आणि वाकडेतिकडे बसवलेले वायसर, बाकी काही नाही. ते म्हणाले, "सर, ह्याचं भोकच मधात न्हाई. छर्रा घासूनच जाणार. आन् हे कडं आवळलं की एका बाजूला वढतंय." काही हजारांना विकलेल्या वस्तूत शंभर-दीडशेचाही माल नव्हता.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर त्याने नवीन गळ टाकला. साधं मॉडेल घेतलंत, आता "इम्प्रूव्हमेंट किट" घ्या, आतला फेल्ट बदला, अजून इतके पाठवा. मी पैसे परत मागितले तेव्हा भाषा बदलली. "हे सायलेन्सर आहे. तक्रार केलीत तर आधी तुम्हीच आत जाल." थोड्याच वेळात दुसऱ्या नंबरवरून फोन आला, डीपीवर खाकी वर्दीतला माणूस. सायबर शाखेतून बोलतोय, तुमच्या नावावर बेकायदा पार्सल आहे, दंड भरा नाही तर अटक. खरा धंदा हा आहे. नळी विकणं हे निमित्त, गिऱ्हाइकाची भीती हे भांडवल. पोलीस फोनवर दंड वसूल करत नाहीत. मी फोन ठेवला, त्या संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कापलेले तुकडे अर्जासोबत ठाण्यात जमा केले. मला कुणी आत टाकलं नाही. अर्ज घेतला, पोच दिली.

कायद्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. "एअरगनला लायसन नाही, मग याला कशाला?" हे विक्रेत्याचं वाक्य मी ऐकलंय. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडसाधनं पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहेत. तुमच्या हातातला मॉडरेटर एअरगनचा की बंदुकीचा, हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्रांचं काम पाहणाऱ्या शाखेत लेखी विचारा, त्याशिवाय अशा वस्तूला हात लावू नका.

आता मूळ प्रश्न, आवाजाचा. तो सुटला, आणि मॉडरेटरशिवाय सुटला. एका जुन्या नेमबाजांनी घरी येऊन नुसतं ऐकलं आणि विचारलं, आवाज येतोय कुठून? दाबलेल्या हवेची टाकी असलेल्या, म्हणजे पीसीपी बंदुकीत दोनशे बारच्या आसपास दाबाची हवा टाकीत असते आणि तिचा काही भाग नळीच्या तोंडाशी फुटतो, तिथे मॉडरेटरला अर्थ असतो. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या पुढे जाऊन आदळतो, स्प्रिंग थरथरते, आणि तो आवाज बंदुकीच्या दस्त्याच्या लाकडातून थेट मारणाऱ्याच्या गालफडात उतरतो. नळीच्या तोंडाला टोपी घालून तो कसा अडणार?

त्यांनी पुढे विचारलं, तेल कुठे सोडता? पुतणी शिलाई मशीनचं तेल हवेच्या छिद्रातून सोडत होती. दट्ट्याने हवा जोरात दाबली की ते तेल आत पेटतं, डिझेल इंजिनमध्ये पेटतं तसं, आणि बार कडक वाजतो, कधी धूरही दिसतो. तेल बंद केलं, जुनं जळून जाईपर्यंत काही दिवस गेले आणि तो कडकपणा गेला. शेजाऱ्यांना सर्वांत जास्त ऐकू जात होता तो छर्रा लोखंडी पेटीवर आपटण्याचा ठणका, आणि वरचा पत्रा तो आणखी वाढवत होता. पेटीच्या जागी जाड लाकडी खोका केला, त्यात जुन्या गोधड्यांच्या चिंध्या गच्च दाबून भरल्या, मागे लोखंडी पत्रा आणि विटांची भिंत तशीच ठेवली. शेडच्या आतून गोणपाट ठोकलं. चिंध्या मधूनमधून बदलाव्या लागतात, कारण एकाच जागी छर्रे लागून भोक पडतं. शिसं हाताला लागतं, म्हणून नंतर साबणाने हात धुवायचे. सरावाच्या वेळा वॉर्डनना विचारून ठरवल्या. परवा ते म्हणाले, "आता बंद केलंय का मुलीनं?"

माझे पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर १९३० ला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका, आणि नुसता निकृष्ट माल आला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, जाहिरातीची लिंक जपून ठेवा. पार्सलवरची पत्त्याची चिठ्ठी तर अजिबात फेकू नका. ठाण्यात मला पहिला प्रश्न तिचाच विचारला होता.