भरती-ओहोटीची वेळ सांगणारं टूल बनवायचंय? शीट, बॉट, वेबपेज की अ‍ॅप

खाडीकाठच्या घरात हा प्रश्न रोजचाच, "आज सुकती (ओहोटी) किती वाजता रे?" कोणाला कालवं काढायला जायचं असतं, कोणाला होडी बाहेर काढायची असते, अलिबागला आलेल्या पाहुण्यांना कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असतं. आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे कालचं उत्तर आज चालत नाही. नेटवर वेळा मिळतात, पण जाहिराती हटवत हटवत खाली जायचं आणि मग कळतं की हे बंदर आपलं नाहीच. म्हणून स्वतःचं छोटं टूल बनवावं असं बऱ्याच जणांना वाटतं, गाडी अडते ती कशात बनवायचं इथे.

सगळ्यात सोपं गूगल शीट. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं, त्यातल्या जवळच्या बंदराच्या वेळा भरायच्या, आजच्या तारखेची ओळ वर दिसेल असा एक फॉर्म्युला टाकायचा, झालं. अ‍ॅप्स स्क्रिप्टचा ट्रिगर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा कोड, लावला तर रोज सकाळी मेलही जातो, फुकट. पण घरी मेल उघडतं कोण? आणि दर जानेवारीत नवीन आकडे भरायला कोणीतरी बसलंच पाहिजे, नाहीतर टूल तिथेच मेलं.

टेलिग्राम बॉट, म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारं खातं, मला स्वतःला खूप आवडतो. बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून टोकन (आपल्या बॉटची किल्ली) घ्यायचं, तेही फुकट, मागे तीच शीट जोडायची आणि पहाटे मेसेज आपोआप येतो, कोणी काही उघडायची गरज नाही. अडचण एवढीच की आपली माणसं सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथे असं करायचं तर बिझनेस एपीआयच्या (प्रोग्रामने मेसेज पाठवायची अधिकृत सोय) भानगडीत पडावं लागतं, आडमार्गाच्या लायब्ररी (परवानगीशिवाय तेच करणारे तयार कोड) वापरल्या तर नंबर बंद व्हायची भीती. शिवाय पावसात वाऱ्याने लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, मग बॉट असून नसल्यासारखा.

म्हणून माझं मत सरळ वेबपेजला. एकच एचटीएमएल फाइल, गिटहब पेजेस या वेबपेज ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवायची, सर्व्हिस वर्कर (पान फोनमध्ये साठवून ठेवणारा छोटा कोड) जोडला की एकदा उघडल्यावर नेट नसतानाही चालते, होम स्क्रीनवर आयकॉन येतो तो वेगळाच. आणि यात आकडे भरायलाच लागत नाहीत! आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना माहीत आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, चतुर्थीला तीन वाजता भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. हेच कोडमध्ये टाकायचं. 6 जानेवारी 2000 ला अमावस्या होती, तिथून दिवस मोजून 29.53 ने भागलं की उरलेल्या बाकीवरून आजची तिथी अंदाजे मिळते. फक्त एक बघा, पाऊणपटीने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, म्हणजे दीड तासाची उडी, समुद्र काही अशी उडी मारत नाही. तोंडी हिशोबाला पाऊणपट सोपी म्हणून ठीक, पण कोडमध्ये 0.75 ऐवजी 0.8 घ्या, मग वेळ रोज 48 मिनिटांनी सरळ सरकते. तरी हा अंदाजच, किल्ल्यात जायचं असेल किंवा उधाणाचे दिवस असतील तर कोष्टक बघूनच पाण्यात उतरा.

अँड्रॉइड अ‍ॅपचं म्हणाल तर या कामाला नको. प्ले स्टोअरचे 25 डॉलर भरा, नवीन वैयक्तिक खातं असेल तर 12 जणांकडून सलग 14 दिवस टेस्टिंग करून घ्या, एवढं करून दाखवायचे काय तर चार आकडे. शिकायची हौस असेल तर जरूर करा, पण आत्याला उद्या सकाळी वेळ हवी असेल तर हा रस्ता लांबचा.

घरातले सगळे टेलिग्रामवर असतील आणि रेंज धड असेल तर बॉट करा, बाकी सगळ्यांनी वेबपेज. एक रकाना मात्र त्यात आठवणीने ठेवा, "इतकी मिनिटं उशिरा", कारण खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी मागून पोचतं. तो आकडा कुठल्याही साइटवर मिळणार नाही, चार दिवस धक्क्यावर उभं राहून पाणी कधी फिरतं ते बघायचं आणि जुळवून घ्यायचा.