दोन ट्यूबचे इपॉक्सी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यापासून गाडीच्या आणि घरातल्या बहुतेक किरकोळ दुरुस्त्यांसाठी मी रेझिन (मूळ चिकट द्रव) आणि हार्डनर (त्याला घट्ट करणारा द्रव) अशा दोन ट्यूबमध्ये मिळणारे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी हे चिकटद्रव्य वापरतो आहे. माझे मत स्पष्टपणे अनुकूल आहे. मात्र सांधा टिकणार की नाही हे ट्यूबमधल्या मालापेक्षा तुटलेली वस्तू कशाची आहे आणि तिच्यावर जोर कोणत्या बाजूने येतो, यावरच जास्त ठरते असे मला दिसले.

गाडीच्या बाजूच्या आरशाचे कवच आतून तडकले होते. ते एबीएस प्लास्टिकचे होते आणि या प्लास्टिकला इपॉक्सी चांगले धरते. तड्याच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरबरीत केल्या, सर्जिकल स्पिरिटने पुसल्या (एसीटोन इथे वापरू नये, त्याने एबीएस विरघळते) आणि इपॉक्सीत भिजवलेली फायबरग्लासच्या कापडाची पट्टी आतून बसवली. रोजच्या खड्ड्यांतून जाऊनही तो सांधा अजून भक्कम आहे. बंपरच्या तुटलेल्या कानाला (बंपर गाडीला अडकवणाऱ्या छोट्या पट्टीला) हीच पद्धत वापरली, तेव्हा इपॉक्सी दगडासारखे कडक झाले, पण नखाने ढकलताच अखंड खपली होऊन निघून आले. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा सिलिकॉन यांच्या पृष्ठभागावर इपॉक्सी नीट पसरतच नाही, मग ते पकड कशी घेणार? म्हणून आता मी भाग काढल्यावर आधी त्याच्या मागच्या बाजूला ठसवलेली अक्षरे वाचतो. एबीएस असेल तर ट्यूब उघडतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर तो भाग प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे देतो.

जोराची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. एकमेकांवर बसलेले दोन तुकडे सरळ ओढले किंवा आपसांत सरकवले, तर इपॉक्सी आश्चर्य वाटावे इतका भार घेते. पण एका कडेपासून सोलल्यासारखा ताण आला की तोच सांधा लवकर उघडतो. त्यामुळे तुटलेल्या कडा नुसत्या समोरासमोर चिकटवण्यापेक्षा मागून पत्र्याची किंवा कापडाची पट्टी देऊन चिकटण्याचे क्षेत्र वाढवणे मला नेहमीच फायद्याचे ठरले आहे.

मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर दिलेले असते आणि ते काटेकोरपणे पाळावे लागते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाहिली आहे, परंतु हार्डनर रेझिनशी जोडला जाऊन जाळे तयार होत असल्यामुळे जास्तीचा भाग तसाच उरतो आणि सांधा मऊ, चिकट राहतो. तापमान वाढले की क्रिया वेगाने होते. मे महिन्यात मिश्रण हातात असतानाच दाट होऊ लागते आणि वाटीत बरेच एकत्र कालवले तर ते चांगलेच तापते. म्हणून थोडे थोडे कालवून ते जुन्या टाइलच्या तुकड्यावर पसरवून ठेवणे सोयीचे पडते. पावसाळ्यात वेगळी अडचण येते. दमट हवेत घट्ट होताना वर कधी कधी मेणचट थर येतो, आणि तो साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय त्यावर दुसरा हात किंवा रंग धरत नाही.

उष्णतेची मर्यादा मात्र खरी आहे आणि ती लक्षात ठेवलीच पाहिजे. घरगुती इपॉक्सी साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहूनही तापू शकतो. डॅशबोर्डवर मोबाईलचा स्टँड चिकटवला होता, तो उन्हाळ्यात हळूहळू कलला. कुकरची मूठ, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, ब्रेकचा कोणताही भाग यांना मी इपॉक्सी लावत नाही आणि कोणीही लावू नये.

घरात सर्वांत समाधान दिले ते ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटने. कडेचा टवका गेला होता. इपॉक्सीत ग्रॅनाइटचीच भुकटी कालवून तो भरला, घट्ट झाल्यावर घासला आणि आता ती जागा शोधावी लागते. इपॉक्सी घट्ट होताना फारच थोडे आकसते, म्हणून असे खड्डे भरून निघतात. स्विस रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां यांनी 1930च्या दशकात ही रेझिने तयार केली ती दातांच्या कवळीसाठी, जिथे माप बदलून चालत नाही, हे कळल्यावर त्या टवक्याकडे मी अधिकच आदराने पाहू लागलो. पांढऱ्या वॉश बेसिनवर मात्र तेच इपॉक्सी खिडकीच्या उन्हाने पिवळे पडले आहे. जोड पक्का असला तरी डोळ्यांना खुपतो.

पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकारही घरात आहे, पण पाणी आणि उष्णता यांना तो कमी टिकतो, त्यामुळे लाकडी फ्रेम किंवा शोभेच्या वस्तूंपुरताच तो वापरतो. दोन्ही प्रकार हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालतो, कारण न घट्ट झालेले इपॉक्सी वारंवार कातडीला लागले तर अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते.